मार्लिसची वाजवी खात्री

मार्लिस हौतालाला प्रश्न पडायची खोड होती. शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला असे किती प्रश्न पडावेत? पण पडायचे, आणि पडले की ती स्वस्थ बसायची नाही. दुधाच्या खोक्यावरची गाय नेहमी डावीकडेच तोंड करून का उभी असते, हे तिने एकदा डेअरीला पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर आलं नाही, तर तिने दुसरं पत्र लिहिलं. त्यालाही उत्तर आलं नाही, तेव्हा मला म्हणाली, बहुतेक त्यांनाच माहीत नसेल बिचाऱ्यांना.

मी रुडी पेर्को. त्याच शाळेची सात नंबरची बस चालवतो. त्याआधी एकतीस वर्षं लोखंडाच्या खाणीत होतो, आणि मार्लिसचा नवरा वेन माझ्याच पाळीत होता. वेनला जाऊन आता बरीच वर्षं झाली. सकाळी पोरं उतरवून झाली की मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरतो, तिथे कॉफी फुकट असते आणि जरा ऊबही असते. उत्तर मिनेसोटात हिवाळ्यात फुकटची ऊब कोण सोडतो? मार्लिस तोवर बटाट्याचे ट्रे भट्टीत सरकवत असायची. हात चालू, तोंड चालू. तिला ट्रे परत आला की कळायचं, कुठल्या पोराच्या घरी काय चाललंय ते. सोमवारी जो ट्रे चाटूनपुसून परत करायचा त्याच्या ताटात ती शुक्रवारी न विचारता दोन पाव जास्त ठेवायची. दीडशे पोरांची नावं तिला पाठ होती. आमच्या मुख्याध्यापकांना तीसुद्धा नव्हती, पण ते जाऊ दे.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तिला जो प्रश्न पडला, तो मात्र दुधाच्या गाईसारखा नव्हता. झालं होतं असं. शाळा जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद. आमच्यासारख्या तासावर काम करणाऱ्यांना, म्हणजे स्वयंपाकिणी, झाडणारे, बसवाले, त्या तीन महिन्यांत दमडी मिळायची नाही. मार्लिस दर उन्हाळ्यात तळ्याकाठची पर्यटकांची लाकडी घरं साफ करायची. दर शनिवारी जुने पाहुणे जाणार, नवे येणार, मधल्या पाच तासांत अकरा घरं चकाचक. त्या जानेवारीत मालकाने ती घरं विकली. नव्या मालकाने सफाईचं काम डुलूथ शहरातल्या एका कंपनीला दिलं, आणि मार्लिसचा उन्हाळा बुडाला. शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात लाँड्रीवाली मेअखेर निवृत्त होणार होती. ती जागा बारमाही होती. त्यांनी मार्लिसला विचारलं आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत काय ते सांग म्हणाले.

तिला जायचं नव्हतं. तिने हे फार बोलून दाखवलं नाही, पण त्या आठवड्यात तिने भट्टीमागची भिंत घासून काढली. ती भिंत कोणी कधी बघत नाही. जो निघायचा विचार करतो तो असली भिंत घासतो का?

त्याच सुमारास एक दिवस कॉफी ओतता ओतता तिने मला विचारलं, "रुडी, खाण बंद पडायची तेव्हा तुम्हाला पैसे कोण द्यायचं?"

"राज्य सरकार."

"सरकारला कोण द्यायचं?"

"कंपन्या भरतात की. बेकारीच्या विम्याचा कर असतो त्यांच्यावर."

"म्हणजे कंपनीच तुम्हाला काढायची, आणि कंपनीच पैसे भरायची?"

"जी जास्त माणसं काढते तिला जास्त भरावा लागतो. असं काहीतरी आहे."

"मग आमची शाळा किती भरते?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी ड्रायव्हर आहे, राज्यपाल नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता. माझ्या एकतीस वर्षांत खाण पाच वेळा बंद पडली, पाचही वेळा मी बेकारीचा भत्ता घेतला, आणि तो येतो कुठून हे एकदाही विचारलं नव्हतं. आमच्याकडे जुने खाणवाले त्याला डुलत्या खुर्चीचा पगार म्हणतात. घरी खुर्चीत डुलत बसायचं आणि टपालाची वाट बघायची. त्यात आम्हाला कधी लाज वाटली नाही. दगड संपला नव्हता, आमचे हात संपले नव्हते, पोलादाचा भाव पडला होता, त्याला आम्ही काय करणार? मार्लिसला मात्र सव्वीस उन्हाळ्यांत तो पगार एकदाही मिळाला नव्हता आणि तिने मागितलाही नव्हता. मिळत नसतो, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

आता पत्राबद्दल सांगायला हवं. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना शाळांच्या जिल्हा कार्यालयाकडून एक पत्र येतं. दोन ओळींचं असतं. येत्या शैक्षणिक वर्षात आपणांस याच अथवा अशाच कामावर पुन्हा घेतले जाईल याची आपणांस वाजवी खात्री देण्यात येत आहे. खाली अधीक्षकाची सही. माझं पत्र मी त्याच दिवशी सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, चुलीत घालायचो, चांगलं पेटायचं. मार्लिसने मात्र सगळी पत्रं जपून ठेवली होती, मेजपोशांच्या खणात, वर्षाच्या क्रमाने. पत्र आलं की ती वेलदोड्याचा पाव भाजायची, वेणी घातलेला, वर साखर भुरभुरलेला, आणि आभार म्हणून कार्यालयात नेऊन द्यायची. सव्वीस वर्षं. मी तिची थट्टा करायचो तर म्हणायची, वेनला खाणीने असं पत्र कधी लिहिलं का? फाटकावर यादी चिकटवायचे आणि नाव शोधायला लावायचे. इथे निदान नावानिशी कळवतात, की बाई, तू आम्हाला हवी आहेस.

फाटकावरची यादी मीही वाचली होती.

तर मार्लिसने बेकारी कार्यालयाला फोन लावला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर फोन आहे, त्याची वायर लांब आहे, त्यामुळे कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून तिने तासभर गाजरं चिरली. फोनमधली वाजंत्री ऐकून झाल्यावर पलीकडे एक बाई आली. मी तिथेच होतो. मार्लिसने आपली सगळी हकिकत सांगितली आणि विचारलं, या उन्हाळ्यात मला भत्ता मिळू शकेल का? पलीकडच्या बाईने काहीतरी विचारलं. मार्लिसचा चेहरा खुलला.

"पत्र? हो, आहे ना," ती म्हणाली. "एक कशाला, सव्वीस आहेत माझ्याकडे. सगळी जपून ठेवलीत."

तिला वाटलं होतं, ते चांगल्या कामाचं प्रमाणपत्र आहे, मालक आपली बाजू घेऊन उभा आहे. मग त्या बाईने समजावून सांगितलं असावं, कारण मार्लिस नुसतं हूं हूं करत राहिली आणि तिची सुरी थांबली. फोन ठेवल्यावर तिने मला सांगितलं, आणि मीही पहिल्यांदाच ऐकलं. शाळेत काम करणाऱ्याला दोन सत्रांच्या मध्ये भत्ता मिळत नाही, जर त्याला परत घेण्याची वाजवी खात्री दिलेली असेल तर. ते पत्र त्याचसाठी असतं. ते पत्र म्हणजे तुम्ही बेकार नाही असा शाळेने सरकारला दिलेला पुरावा, आणि त्याची एक प्रत तुम्हाला.

"म्हणजे," मार्लिस म्हणाली, "मी त्याबद्दल पाव नेऊन देत होते."

मला हसू आलं आणि मी हसलो. आजही मला त्याचा पस्तावा होतो. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिने गाजराचा तुकडा उचलला, बराच वेळ पाहिला आणि मग विचारलं, "पण शाळेला त्याचं काय एवढं पडलंय? माझा भत्ता सरकार देणार. मग शाळा कशाला आडवी येते?"

हा प्रश्न घेऊन ती थेट अधीक्षकाकडे गेली. आमचा अधीक्षक कर्ट ओबर्ग. आमच्या शालेय जिल्ह्यातल्या चारही शाळा त्याच्या हाताखाली. चव्वेचाळिशीचा, सरळ माणूस, लवकर लाल होणारे कान. त्याचं शाळेतलं शेवटचं वर्ष आणि मार्लिसचं पहिलं वर्ष एकच, त्यामुळे त्याने तिच्या हातचं वाढलेलं खाल्लेलं होतं. तिने मला तिथलं बोलणं नंतर जसंच्या तसं सांगितलं. कर्टने ताकास तूर लागू न देणं वगैरे काही केलं नाही, सगळं उलगडून सांगितलं. कंपन्या दरवर्षी कर भरतात, तो एका सामायिक पेटीत जातो, आणि कोणाची माणसं घरी बसली की पेटीतून भत्ता निघतो. शाळांचं तसं नाही. शाळा त्या पेटीत काहीच भरत नाहीत. त्याऐवजी, त्यांच्या कोणाला भत्ता दिला गेला तर तेवढ्याच रकमेचं बिल सरकार शाळेला पाठवतं. ते बिल ज्या पैशांतून भरायचं त्याच पैशांतून पुस्तकं येतात, बसचं डिझेल येतं आणि मार्लिसचं पीठही येतं. म्हणून वकिलाने शब्द न् शब्द ठरवून दिलेलं ते पत्र.

मग कर्टने तिला आणखी एक गोष्ट सांगितली. विधानसभेत एक विधेयक आलं होतं, शाळेच्या तासावरच्या माणसांना उन्हाळ्यात भत्ता द्यावा असं. गुरुवारी राजधानीत, सेंट पॉलला, समितीपुढे सुनावणी होती, कोणीही जाऊन बोलू शकत होतं. तो बोलायला चालला होता, विरोधात. कायदा होईल पण पैसे येणार नाहीत, आणि एक्केचाळीस माणसांच्या उन्हाळ्याचं बिल त्याच्या गळ्यात पडेल, अशी त्याला भीती होती.

मार्लिसने विचारलं, "गाडीत जागा आहे का?"

तो म्हणाला आहे.

"मी बाजूने बोलणार आहे, बरं का."

तो म्हणाला, चालेल, साडेतीन तासांचा रस्ता आहे, दोन गाड्या कशाला न्यायच्या. आमच्याकडची माणसं ही अशी. आणि गाडी चालवायची कोणी, तर मी. कर्टच्या डोळ्यावर आठवड्यापूर्वीच उपचार झाले होते आणि डॉक्टरने त्याला चाक धरायला मनाई केली होती. माझ्या जागी त्या दिवशी दुसरा ड्रायव्हर लावला. मी कोणाच्या बाजूने आहे, हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कोणाच्याच नाही. मी खाणीचं निवृत्तिवेतन घेणारा माणूस, बस मी हौसेने चालवतो, माझा या भानगडीशी काय संबंध? माझंही पत्र दरवर्षी येत होतं आणि चुलीत जात होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी सकाळी सहाला निघालो. तापमान उणे वीसच्या खाली होतं. मार्लिसने अंड्याचे सँडविच आणि कॉफीचा थर्मास आणला होता. क्लोकेच्या पुढे आल्यावर ती कर्टला म्हणाली, तुम्ही काय बोलणार ते वाचून तरी दाखवा. त्याने खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि आपल्याच विरोधकाला वाचून दाखवला. ती लक्ष देऊन ऐकत होती. मध्येच म्हणाली, स्वयंपाकघरात सहा जणी नाहीत, पाच आहोत, लॉरेन गेली त्या जागी कोणी घेतलं नाही. त्याने पेन काढून आकडा सुधारला. मग त्याने विचारलं, तुमचं वाचता का? ती म्हणाली, माझं अजून पक्कं नाही. मी आरशातून पाहिलं. तिच्या मांडीवरच्या कागदावर चार ओळी होत्या आणि त्यातल्या तीन खोडलेल्या.

समितीची खोली मोठी होती, खुर्च्या मात्र शाळेतल्यापेक्षा वाईट. प्रत्येकाला दोन मिनिटं. आमच्या आधी बरेच जण बोलून गेले. मार्लिसचं नाव पुकारल्यावर ती उठली, माइकपुढे बसली आणि कागद वाचू लागली. आवाज बरा होता. मी एवढी वर्षं काम करते, माझं उन्हाळ्याचं काम गेलं, मला स्वयंपाकघर सोडायचं नाही, पण जून ते ऑगस्ट मी काय खाऊ ते मला कळत नाही. एवढंच. दीड मिनिटात संपलं.

समितीतला एक सदस्य, चांगला मृदू बोलणारा, पुढे झुकला. त्याने आधी तिच्या सेवेबद्दल आभार मानले. मग विचारलं, की बाई, शाळेचं काम म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी असते, हे तुम्हाला काम घेताना माहीत होतं ना? बरेच जण तर त्यासाठीच हे काम घेतात, नाही का?

"माहीत होतं," मार्लिस म्हणाली. मग ती जरा थांबली. "मी एक विचारू का?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, इथे खरं तर समिती विचारते, पण विचारा.

"हे तुमचं अधिवेशन जानेवारीत सुरू होतं आणि मेमध्ये संपतं ना?"

"हो," तो सदस्य म्हणाला.

"मग मे ते जानेवारी तुमचाही पगार थांबतो का?"

मी तिला चाळीस वर्षं ओळखतो, म्हणून सांगतो. तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरोखर माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचं होतं, दुधाच्या गाईसारखंच. तिची नजर त्या माणसावर होती, उत्तराची वाट बघत. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. सदस्याने आपल्यापुढचे कागद सारखे केले.

"नाही," तो म्हणाला. "आमचा बारा महिने चालू असतो."

"असं होय," मार्लिस म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. म्हणून विचारलं." आणि ती उठून आपल्या खुर्चीत येऊन बसली. तेव्हा खोलीत हशा पिकला, पण तो तिला हसलेला नव्हता.

पुढचा नंबर कर्टचा होता. त्याने आपला कागद वाचला, जसा लिहिला होता तसाच, विरोधात, पाच स्वयंपाकिणी असं दुरुस्त करून. गोष्टींमध्ये अशा वेळी माणूस कागद बाजूला ठेवतो आणि मनातलं बोलतो. कर्टने तसं केलं नाही, आणि खरं सांगू, मला त्याचा राग आला नाही. पैसे न देता कायदा कराल तर बिल पोरांच्या ताटातून वसूल होईल, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी अध्यक्षबाईंनी जाहीर केलं, की आज मत घेतलं जाणार नाही, विधेयक पुढच्या विचारासाठी राखून ठेवलं आहे. म्हणजे कधी? तर मेपर्यंत केव्हातरी. मार्लिसला उत्तर द्यायचं होतं ते दुसऱ्या दिवशी.

परतीच्या रस्त्यावर बर्फ भुरभुरत होतं. सकाळपासून ती कर्टला तुम्ही म्हणत होती. हिंकलीच्या आसपास तिने त्याला एकदम नावाने हाक मारली, तो तिच्या रांगेत ट्रे घेऊन उभा राहायचा तेव्हासारखी.

"कर्ट, ते पत्र खरं असतं का रे?"

"वाजवी असतं," तो म्हणाला.

मी हसलो. बाकी कोणी हसलं नाही.

"मग मला एक खरं पत्र लिहून देशील? लांबलचक नको. उन्हाळ्यात काही झालं तरी सप्टेंबरमध्ये मार्लिसला याच कामावर घेऊ, एवढंच. ते हातात असलं तर मी तीन महिने कसेही काढीन. घर गहाण टाकीन, लोकांच्या बागा खुरपीन. पण परत बोलावतील हे मला पक्कं माहीत पाहिजे."

कर्टचे कान लाल झाले. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मी आरशातून त्यालाच बघत होतो, आणि मला मनापासून वाटत होतं की याने हो म्हणावं. दोन ओळींचं काम होतं. एरवी तो दरवर्षी एक्केचाळीस जणांना लिहीतच होता.

"नाही लिहिता येणार, मार्लिस," तो शेवटी म्हणाला. "तसं लिहिलं तर ते पाळावं लागेल. सप्टेंबरमध्ये माझ्या हातात किती पैसे असतील, ते मला आज माहीत नाही."

ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी नीट सांगितलं." आणि उरलेलं सँडविच तिने अर्धं करून त्याला दिलं. त्याने ते घेतलं, पण खाल्लं नाही, तसंच हातात धरून बसला.

शुक्रवारी मी मुद्दाम दुपारी स्वयंपाकघरात गेलो. मला वाटत होतं, अडवावं हिला. पण कशाच्या जोरावर? शेवटचा ट्रे धुऊन झाल्यावर तिने ॲप्रन काढला, हात पुसले आणि भिंतीवरच्या फोनवरून वृद्धाश्रमाला हो सांगितलं. दोन मिनिटांचं बोलणं. फोन ठेवताना तिने विचारलं, तिथे चादरी गरम पाण्यात धुतात की कोमट? पलीकडून काहीतरी उत्तर मिळालं. ते तिने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कायदा झाला. आणि नुसता नाही, पैशांसकट झाला. शाळांचं त्या भत्त्याचं बिल राज्य स्वतः भरणार, असं त्यात घातलेलं होतं. मार्लिसच्या प्रश्नाने झाला, असं मी म्हणणार नाही. शंभर माणसं शंभर दिवस त्यामागे लागली होती. पण आमच्या गावात लोक तसंच मानतात, आणि मी कशाला त्यांना अडवू?

त्याच दिवशी कर्ट स्वयंपाकघरात आला. टोपी हातात होती. मला वाटतं, शाळा सोडल्यापासून तो तिथे पहिल्यांदाच आला असावा, कारण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. तो म्हणाला, आता उन्हाळ्याची चिंता नाही, राहा. त्याने अगदी मनापासून सांगितलं, आणि बाकीच्या चौघी हातातलं काम टाकून ऐकत होत्या.

मार्लिस म्हणाली, "तिथली बाई एकतीस तारखेला जातेय. मी नाही गेले तर त्यांच्याकडे सोमवारी चादरी बदलायला माणूस नाही. मी त्यांना खात्री दिलीय, कर्ट."

वाजवी वगैरे काही जोडलं नाही तिने. त्याला ते समजलं. जाताना त्याने दार इतकं हळू लावलं की कडी बसली नाही आणि मला उठून लावावी लागली.

एकतीस मेला पोरांनी तिला एक भलंमोठं कार्ड दिलं, दीडशे सह्यांचं. ती नावं वाचत बसली आणि ज्यांनी दोनदा सही केली होती ती तिने बरोबर शोधून काढली. ती गेली आणि तिच्या जागी तेवीस वर्षांची एक मुलगी आली. चांगली आहे. पण शुक्रवारी जास्तीचे पाव कोणाला द्यायचे, ते तिला कोणी शिकवलेलं नाही, आणि असल्या गोष्टी कागदावर लिहून देता येत नाहीत.

जून उजाडला. शाळेने आम्हाला एक पत्रक दिलं होतं, नव्या कायद्याने तुम्हालाही अर्ज करता येईल म्हणून. तुम्हालाही, म्हणजे मलाही. मी दोन दिवस ते टेबलावर नुसतं पडू दिलं. माझं निवृत्तिवेतन आहे, मला त्याची तशी गरज नव्हती. पण नियमात मी बसत होतो आणि माझी बस बंद होती. शेवटी मी अर्ज केला. पहिल्या आठवड्याचा भत्ता आला तेव्हा मला जी लाज वाटली, ती खाणीच्या पाच वेळांत मिळूनही वाटली नव्हती. ज्या बाईने मला कॉफी देता देता पहिला प्रश्न विचारला, तिच्या नावावर हे यायला हवं होतं.

दुसऱ्या सोमवारी मी वृद्धाश्रमात गेलो. दुपारची वेळ होती. लाँड्री तळघरात आहे. चार मोठी यंत्रं घरघरत होती आणि मार्लिस एका लांब टेबलापाशी चादरींच्या घड्या घालत होती. चेहरा लाल, केस चिकटलेले. मला वाटलं, ती मला टोचून बोलेल, बोलावं, म्हणजे मोकळं वाटेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चादर तशीच हातात धरून विचारलं, "आला का तुला?"

मी म्हटलं, "आला."

"मग सांग ना, कसं असतं? दर आठवड्याला काय विचारतात?"

मी सांगितलं. या आठवड्यात काम केलं का, काम करायला तब्येतीने ठीक होता का, कोणी देऊ केलेलं काम नाकारलं का. ती एकेक प्रश्न ऐकून मान हलवत होती, जणू कोणी तिला दूरदेशाची हकिकत सांगतंय.

"पत्राचं काही विचारलं?"

"नाही. पत्राचं नावही नाही."

"आणि काम का नाही, ते विचारतात?"

"पहिल्या दिवशी अर्जात विचारतात. पर्याय दिलेले असतात, त्यातला एक निवडायचा. स्वतः सोडलं, काढून टाकलं, काम नाही."

"तू काय निवडलंस?"

"काम नाही."

"आणि त्यांनी ते मान्य केलं? आणखी काही विचारलं नाही?"

"काही नाही. लगेच मान्य."

यंत्रांपैकी एक थांबलं आणि घंटी वाजली. ती त्याकडे गेली नाही. चादरीची एक कड तिने दुसऱ्या कडेला लावली आणि बोटांनी सरळ केली.

"रुडी," ती म्हणाली, "सव्वीस उन्हाळे मी लोकांना सांगत आले, सुट्टी आहे म्हणून. सुट्टी नव्हती ती. शाळेत मला काम नव्हतं."